मापासाठी

"तिथे उभी राहा, एर्सिलिया. उंची कळू दे."
एकेचाळीस वर्षं हे वाक्य ऐकलं मी,
वेगवेगळ्या वाऱ्यांत.

नोल्बेर्तो वाल्दिव्हियात शिलाई मशिनं दुरुस्त करायचा.
अकरा महिने बॉबिन, पट्टे, तेलाची कुपी,
बारावा महिना बसच्या खिडकीचा.
कॅमेरा घेतला कोराल बंदरात, एका जहाजाच्या खानसाम्याकडून,
आमच्या पलंगासाठी साठवलेल्या पैशांतून.
पहिलं वर्षभर जमिनीवर झोपलो.
पलंग काय, कुठेही मिळतो, तो म्हणायचा.
नंतर खरंच कुठे कुठे झोपलो आम्ही,
फेरीबोटीच्या बाकावर,
अटाकामातल्या एका बंद पडलेल्या स्टेशनात,
जिथे पहाटे केसांतल्या पिनासुद्धा गार चावायच्या.

एकही फोटो विकला नाही त्याने.
एकदा पालिकेच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ आला,
बक्षीस छत्री.
वाल्दिव्हियात छत्री!
मासोळीला पेलाभर पाणी.

ज्याचा फोटो काढला त्याला तो टपालाने पाठवायचाच.
मेंढपाळ एलेउतेरिओने परत पाठवला,
सोबत चिठ्ठी: कुत्र्याचा कान कापला गेलाय, पुन्हा या.
आम्ही गेलो. दोन दिवस बस, अर्धा दिवस पायी.
कुत्रं तोवर म्हातारं झालेलं,
कान मात्र दोन्ही आले.

महिन्यातल्या चार रात्री न्हाणीघर त्याचं.
तांबडा दिवा, तीन तसराळी,
दोरीवर माझ्या मोज्यांशेजारी
चिमट्याला लटकलेली हिमनदी, थेंब थेंब गळणारी.
दाराबाहेर मुलगी पाय आवळून उभी,
"बाबा, लवकर!"
आतून शांत आवाज,
"थांब, डोंगर येतोय."

आता खोकी माझ्याकडे आहेत.
जेवणाच्या टेबलावर मांडते एकेक
आणि बहुतेकांत मी,
काडेपेटीतल्या काडीएवढी.
अराउकारियाच्या बुंध्याशी, धरणाच्या भिंतीखाली,
चिलोएतल्या लाकडी चर्चच्या दाराशी.
चेहरा नाहीच कुठे.
मोठ्या गुंड्यांचा कोट आहे, मग पट्ट्याचा,
मग मुलीने दिलेला, ज्याची चेन कधी लागली नाही.
डोंगर जागचा हलत नाही,
कोट तेवढे बदलतात.

बहीण म्हणाली, एवढी हिंडलीस त्याच्यामागे
आणि त्याने तुझं साधं नाकसुद्धा टिपलं नाही.
मला हसू आलं. मग राग.
राग अख्खा मंगळवार टिकला.
बुधवारी खोक्याच्या तळाशी एक पाकीट मिळालं.

आत फोटो. मोठा, आणि नुसता पांढरा.
मला आठवलं लगेच.
बेटाचं दक्षिण टोक, जुना धक्का,
आणि समुद्रावरून धुकं आलं
लक्ष नसताना दूध उतू यावं तसं.
"हलू नकोस!" तो कुठूनतरी ओरडला.
मला माझे हात दिसत नव्हते.
खटका वाजलेला ऐकला
आणि मनात म्हटलं, गेली एक फ्रेम वाया,
एका फ्रेमला दोन पाव येतात.

तरी त्याने ती मोठी करून छापली,
आमच्याकडच्या सगळ्यांत महागड्या कागदावर,
आणि मला दाखवली नाही.

मागे पेन्सिलीने तारीख, एफ आठ,
आणि त्याच्या त्या मशिनीच्या टाक्यांसारख्या अक्षरांत:
"एर्सिलिया, डावीकडून तिसऱ्या खांबाशी.
बूट ओले. थंडी वाजते आहे, सांगत नाही."

खिडकीशी नेला फोटो. उजेडात तिरपा धरला.
पांढरं.
चष्मा पुसला, परत घातला,
आणि बोट ठेवून मोजू लागले
न दिसणारे खांब.
एक.
दोन.