कन्हानकाठ, तैलरंग

कामठीच्या लिलावातून आलेलं चित्र
धकाते फ्रेमवाल्यांच्या टेबलावर उताणं पडलंय.
वॉर्निश पिकून काढ्याच्या रंगाचं.
"थुंकीच बरी, बाप्पा," म्हणत ते
कापसाचा बोळा जिभेला लावतात,
आभाळाचा एक कोपरा पुसतात.

नदी काठोकाठ, गार, परकी.
झाडं कुठली, ओळखू येत नाहीत.
मागे शाईत: ई. व्हिटकोम, कन्हान, मे १८७४.
मे महिन्यात इतकं हिरवं?
साहेब की मडम, कुणास ठाऊक,
उकाड्यात छत्रीखाली बसून
माहेर रंगवत होतं कुणीतरी.

दुपारी पाण्याचा एक पापुद्रा सुटतो.
खाली वाळू.
पिवळी, रखरखीत, आपली.
वाळूत झिरा उकरून बसलेली
नखाएवढी बाई,
घागरीत ओंजळ रिती करताना.
आधी हिला काढलं,
मग हिच्यावरून नदी सोडली.

गिऱ्हाइकाला हिरवंच हवंय,
सोफ्यामागच्या भिंतीवर.
फोन वाजतो. वाजू देतात.

कूलर कोरडाच घरघरतोय कधीचा.
धकाते उठतात, बादलीभर पाणी
आत ओततात भसाभस,
आणि परत येऊन बघतात तिच्याकडे
जरा ओशाळून.