नदीचं नाव सांग

मी शिवणयंत्रं दुरुस्त करतो.
माझं गाव आरेकीपा, ज्वालामुखीच्या पायथ्याचं, कोरडं,
तिथं डास चावला तर लोक शेजाऱ्याला बोलावून दाखवतात.
पुकायपाच्या धक्क्यावर लांचा धरली,
पाच दिवस उकायालीतून खाली,
वरच्या मजल्यावर दीडशे झोळ्या
वटवाघळांसारख्या दाटीनं टांगलेल्या.
शेजारची झोळी दोन्या एर्मेलिंदा तापुयिमाची.
तिच्यासोबत एक कोंबडा, केळ्यांचा घड,
आणि सगळ्यांबद्दल मत.

सूर्य झाडीत बुडाला.
मी अर्ध्या बाहीचा, पोटऱ्या उघड्या,
हातात सुवासिक बाटली,
दुकानदार म्हणाला होता, एकदा फवारा की रात्र तुमची.
तिनं बाटली हुंगली.
"यानं डास जायचे नाहीत, बायका येतील.
त्याही आल्या तर."
मग स्वतःचं मलम पुढं केलं, उग्र, डोळ्यांत पाणी आणणारं.
"घोट्यांना लाव. कानामागं. घाम आला की पुन्हा.
बाह्या खाली कर, इथं तुझे दंड कुणाला बघायचेत?"

दिवसा ती डेकवरचे पेले पालथे घालत फिरायची,
नारळाच्या करवंट्या नदीत भिरकावायची.
पिंपाला झाकण नाही म्हणून खलाशाला शिव्या.
"दिवसा चावतो तो निराळा, पायात पांढरे पट्टे,
हाडं मोडल्यासारखा ताप देतो.
रात्रीचा बसतो डोकं खाली, ढुंगण वर,
पाद्रीसमोर वाकल्यासारखा. भक्ती सगळी रक्ताची."

माझी मच्छरदाणी तिनं दिव्यासमोर धरली.
एक भोक. करंगळी जाईल एवढं.
"यंत्रवाला ना तू? शिव."
माझ्या पेटीत चाळीस सुया,
सगळ्या यंत्राच्या, नेढं टोकाशी.
हातानं एक टाका घालता येईना.
ती हसली नाही. झग्याच्या काठातून सुई काढली,
नातवाच्या शाळेच्या सदऱ्याचा निळा दोरा,
आणि दातानं तोडून म्हणाली,
"कडा अंगाखाली खोच. खोचलीस की पुन्हा चाचप."

तिसऱ्या रात्री इंजिन बंद पडलं.
गाळात रुतलो होतो. काळोखात बेडूक,
आणि जाळीबाहेर ती बारीक तार, वाजत राहिलेली.
तेव्हा ती नेइसेरबद्दल बोलली.
थोरला मुलगा. पूनोला सैन्यात, बर्फाच्या उंचीवर.
दुसऱ्या महिन्यात हुडहुडी भरली.
ते म्हणाले, थंडी बाधली. ते म्हणाले, उंची.
डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या.
"कुठून आलास, कुणी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही. लाजाळू होता.
पेटी याच लांचानं आली. खालच्या मजल्यावर, तांदळाशेजारी."

बराच वेळ कोंबडाच काय तो हलला.
"घरी गेल्यावर ताप आला,
महिन्यानं येवो, वर्षानं येवो,
तर तोंड उघडताच नदीचं नाव सांग.
स्वतःचं नंतर."

मी सगळं पाळलं. जवळजवळ सगळं.
रेकेनात एका शिंपिणीचं यंत्र अडलं होतं,
ओसरीवर बसलो, बाह्या दुमडलेल्या,
समोर गार बिअर, हात तेलानं माखलेले,
मलम झोळीत राहिलं.
एकच संध्याकाळ.

जुलैत आरेकीपात दात वाजायला लागले.
चार गोधड्या, तरी खाट हलत होती.
डॉक्टर पोरसवदा. थंडीचे दिवस, तो म्हणाला,
आणि लिहायला लागला.
जीभ कोरडी लाकडासारखी. मी म्हटलं, उकायाली.
पेन थांबलं.
त्यानं मला पहिल्यांदा नीट पाहिलं,
मग जिन्याखाली कुणाला तरी हाक मारली.

वर आला एक म्हातारा तंत्रज्ञ,
काचपट्ट्या घेऊन, धापा टाकत.
बोट टोचलं, थेंब पसरला.
पट्टी सुकेपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं,
तशी तो हळूच वाकला माझ्याकडं:
"मी तिकडचाच. पाणी किती होतं या वर्षी?
धक्क्याच्या पायऱ्या दिसत होत्या का?"