स्वतःच्या जबाबदारीवर

चौथ्या दिवशी सही करून गेला
भांडुपचा हरेश्वर खरटमल.
हात इतका थरथरत होता
की आडनाव कागदाबाहेर, टेबलावर उतरलं.
मी ते अजून पुसलेलं नाही.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : घरगुती.
आणखी काय लिहिणार?
भेटी बंद. बायको फक्त फोनमध्ये,
आणि फोन लावायला प्लग एकच, नऊ जणांत.
गटाची बैठक बंद, कॅरम बंद,
खाली चहाला जाणं बंद.
आम्ही नखशिखांत प्लॅस्टिकमध्ये. तो विचारायचा,
"सिस्टर, कालच्या तुम्हीच का?"
शेजारच्या कॉटवर कोणी खोकलं
की अख्खा वॉर्ड श्वास धरायचा.
घाम फुटला तर त्याला कळेना,
हा दारू सुटल्याचा, की तो बाहेरचा.

तिसऱ्या रात्री म्हणाला,
"भिंतीतून मुंग्या येतायत, त्या सोसेन मी.
पण आमच्या चाळीला पत्रे ठोकलेत, पोरगी आत आहे.
इथे बरा होऊन दाखवू कुणाला?"

मी नियम सांगितले.
गोळ्यांची पुडी बांधून दिली.
गेटवर वॉचमनने त्याचा ताप मोजला,
जाणाऱ्याचा कशाला मोजतात, कोण जाणे.

शिवडीचा रस्ता त्या दुपारी इतका रिकामा
की तो कितीतरी वेळ दिसत राहिला,
खिशावर हात दाबून चालणारा.
वळणावर थांबला.
तिथलं दुकान बंद आहे
हे त्याला सांगायचं मी विसरले.
की मुद्दामच नाही सांगितलं.

खिडकी लावून घेतली.
सात नंबरची चादर अजून ओली होती.