गोळा

कागदावर रेघोट्या ओढत डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
बेंबीशेजारून आतडं डोकावत होतं,
आता तिथे आतून जाळी बसवलीय.
सोबत आई होती. ओन्दारोआच्या धक्क्यावर
चाळीस वर्षं बोटींची जाळी सांधलेली बाई.
चष्मा कपाळावर सरकवून तिने विचारलं,
"घरं केवढी ठेवलीत? गाठ कसली?"
डॉक्टरीणबाई हसल्या. आई हसली नाही.

पहिला महिना मी शिंकेला भ्यालो.
मी, एरामुन, सव्वाशे किलोचा दगडी गोळा
गावच्या उत्सवात दहा-दहा वेळा खांद्यावर घेणारा,
जिन्यात उभा, उशी पोटाशी घट्ट धरून:
येतेय, गेली, येतेय.
दुधाच्या बाटल्या वरच्या मजल्यावरची नेकाने आणून द्यायची,
वय वर्षं नऊ.
"जड नाहीत काही," म्हणायची,
मला बरं वाटावं म्हणून.

दगड उचलताना काय होतं, सांगतो.
आधी मांड्यांवर. मग मिठी.
मग पोट पुढे काढून त्यावर टेकवायचा,
श्वास कोंडून गरगरवत छातीवर,
आणि तिथून खांदा.
म्हणजे सगळा रस्ता पोटावरूनच.
टाके पडले ते नेमके त्या रस्त्यात.

चौथ्या महिन्यात बिशेन्तेने शेडचं कुलूप काढलं.
भुशाचा, राळेचा, जुन्या घामाचा वास.
त्याने पायाने पुढे ढकलला तो चाळीसचा,
पोरं ज्याच्यावर बसून पाव खातात.
"हा?"
"हाच."
कंबरेला पट्टा गुंडाळताना बोटं ऐकेनात.
पोटावर गोळा घ्यायचा
तर पोटातला आधी खाली ठेवायला हवा,
आणि त्याला धरायचं कुठे?

उचलला.
आतल्या बाजूला कान लावून उभा राहिलो.
फाटलं काही नाही. फक्त एक चिमटा,
ओळखीच्या कुणी गर्दीत मागून काढावा तसा.
खांद्यावर पोचला तेव्हा
बिशेन्ते रुमालात नाक शिंकरत होता,
त्याने पाहिलंच नाही.
पुन्हा उचलावा लागला.

किती किलो, हे आईने विचारलं नाही.
"सदरा वर कर. खोक."
जाळं चाचपतात तशी दोन बोटं
तिने व्रणावर ठेवली, मी खोकलो,
बोटं तिथेच राहिली, बराच वेळ.
"पाण्यात उतरल्याशिवाय कळत नाही,"
म्हणाली, आणि मासे तळायला उठली.

सव्वाशेचा अजून कोपऱ्यातच आहे.
एका अंगाने ओल धरलीय त्याने.
आज जाऊन नुसता अर्धा वळवला,
ओली बाजू दाराकडे,
आणि हात पुसून घरी आलो.