साहित्याच्या रकान्यात

रविवारची रात्र. चहाचा कप बाजूला सारून
मी तक्ता आखते: वेळ, कृती, उद्दिष्ट, साहित्य.
नववी ब, गुरुवार, शेवटचा तास.
तोवर पोरं निम्मी घरी पोचलेली असतात,
दप्तरं तेवढी शाळेत बसून.

पहिली पाच मिनिटं: सभागृहभर चाला,
कोणालाही धक्का न लावता.
(गेल्या खेपेला दोन चष्मे फुटले.)
सभागृह म्हणजे खरं तर जेवणघर.
भिंतींना उकडल्या बटाट्यांचा वास, आणि पलीकडे
नेस्ता ताटं विसळते तेव्हा
आमच्या शोकांतिकेला फुकटात वाद्यमेळ मिळतो.

साहित्य: पुठ्ठ्याचं खोकं, एक.
त्यात तबकडीचा फोन. नंबर कसा फिरवायचा
एकालाही ठाऊक नाही, म्हणून आमच्या नाटकांतले
सगळे निरोप अर्ध्यावरच राहतात.
माझ्या मावशीचा राखी कोट,
त्यात आजवर सतरा खून पचलेत.
पत्र्याचा कंदील, बिनकाचेचा.
एक काठी. देताना ती काठी असते,
परत घेताना तलवार.

उद्दिष्ट: 'विद्यार्थी दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतील.'
मुख्याध्यापकांना क्रियापद भविष्यकाळी लागतं.
अकरा वर्षं मी हेच वाक्य उतरवून काढतेय.

प्रसंग साधा निवडलाय: रात्र, एक घर,
खाणीवरून कोणीतरी अजून परतलेलं नाही.
वेल्सच्या या कोपऱ्यात तो समजावून सांगावा लागत नाही.
खिडकीतून पाहिलं की पाटीच्या दगडाचे ढिगारे,
काळे, ओले, गावाहून उंच.
कोरी पाटी म्हणतात ती इथे कुणाच्याच वाट्याला आली नाही;
आधीच्यांनी फोडून, तासून
दूरदूरच्या छपरांवर चढवून टाकली.

भूमिका वाटते. आई: ग्वेनफ्रेवी. तिला रडता येतं,
आणि ते तिला माहीत आहे.
शेजारी: मॅडॉग आणि जुळ्या बहिणी.
उरला इथेल. सप्टेंबरपासून
माझ्या तासाला अवाक्षर काढलेलं नाही.
त्याला मी दार करते.
दाराला संवाद नसतात. सोय झाली, असं मनात येतं
आणि त्या 'सोय'वर पेन थोडा वेळ अडून राहतं.

गुरुवारी ठरल्या मिनिटाला
ग्वेनफ्रेवी कंदील उचलून त्याच्यापाशी येते.
दार उघडत नाही.
ती ढकलते. पोरं खिदळतात.
ती पुन्हा ढकलते, आता आई म्हणून नव्हे.
इथेलचे हात दोन्ही बाजूंना ताणलेले,
बोटांनी हवेतली चौकट गच्च धरलेली.
'उघड ना, मला शोधायला जायचंय.'
आणि दार म्हणतं, अगदी हळू,
'बाहेर काय आहे ते मला दिसतंय.
तुला नाही.'

पलीकडे नळ बंद झाला.
ग्वेनफ्रेवी रडायची विसरली.
माझ्या तक्त्यात या जागी लिहिलं होतं:
'टाळ्या, मग चर्चा, सात मिनिटं.'
घंटा झाली. खुर्च्या रचायच्या तशाच राहिल्या.
मावशीचा कोट इथेलने घडी घालून खोक्यात ठेवला,
बाह्या आत दुमडून,
आणि रोजच्यासारखा काही न बोलता गेला.
मीही काही विचारलं नाही.
काय विचारतात दाराला?

आज पुन्हा रविवार.
'खुर्च्या सहा, कंदील एक, दार एक'
यातलं दार खोडून मी पात्रांच्या यादीत नेते.
उद्दिष्टाचा रकाना या वेळी जरा थांबेल.
पुढच्या आठवड्याला एक खिडकी लागणार आहे.
जुळ्यांतली एक लगेच हात वर करेल.
दुसरीला मात्र विचारायला हवं,
तिला काच व्हायचंय
की काचेपलीकडचा अंधार.