दोन माणसांचं पाणी

कुरापाटींचं दार कधी पूर्ण लागत नाही.
चार बोटं फट, फटीत बालमणी काकू,
मांडीवर सूप, हात शेंगा सोलण्यात,
डोळे जिन्यात.
"काय आणलीस गं?"
"दूध अर्धा लिटर का? परवा एक होतं."
"रात्री दीडला लाईट बंद केलीस. झोप येईना काय?"
"ते फ्रीजवालं पोरगं वीस मिनिटं काय करूलालतं?"
फ्रीज, काकू. फ्रीज दुरुस्त.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
दिवसभर डझनात मोजते,
घरी आले की मीच मोजली जाते.

आधी चपला हातात घेऊन चढून पाहिलं.
मग कचरा दुहेरी पिशवीत बांधला.
मग एकदा तोंडावर म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय?"
त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं
की मला बीपी आहे.

एप्रिल होता. पाणी पाच दिवसांआड.
कुलूप काढता काढता तोंडातून निघून गेलं:
"पाव्हणे येणारेत. इंडीचे. लिंबाचा धंदा आहे त्यांचा."
"नाव?"
"मलिनाथ."
कुठून आलं नाव, ठाऊक नाही.

शनिवारपर्यंत त्यांना मिशी आली.
रविवारी त्यांची बायको वारली,
चार वर्षांपूर्वी, काविळीनं.
गच्चीवर पापड उलटताना बिराजदार वहिनींनी
मलाच सांगितलं: माणूस चांगलाय हो,
डाव्या कानानं जरा कमी ऐकू येतं, एवढंच.
मी म्हटलं, हो ना, उजवीकडूनच बोलावं लागतं.
मंगळवारच्या बाजारातून दोन किलो लिंबं आणली
आणि पिशवी उघडी धरून सावकाश चढले.

महिनाअखेर हत्तुरे सेक्रेटरी आले, वही घेऊन.
"टँकरची वर्गणी. माणशी दीडशे. तुमची दोन माणसं."
मी एकटीच आहे, म्हणायला तोंड उघडलं.
समोर चार बोटं फट.
तीनशे दिले.
पावतीवर निळ्या शाईत, ठसठशीत: माणसं २.
ती मी कपाटात, लॉकरच्या आत ठेवली.
का, ते तुम्ही विचारू नका,
विचारायला समोर माणूस आहे.

जूनमध्ये मात्र दमले.
रोज दोघांचं खोटं रांधायचं, खायचं एकटीनं.
लिंबं सुकून गोट्या झालेली.
जिन्यातच सांगून टाकलं: "ते येणार नाहीत आता."
काकूंचा अंगठा शेंगेवर थांबला.
पुढचा प्रश्न आला नाही.

रात्री साडेआठला बेल.
ताटलीत शेंगापोळी, तूप कडेपर्यंत पसरलेलं.
त्यांची नजर माझ्या खांद्यावरून घरात शिरली नाही.
फरशीकडे बघत म्हणाल्या, "खा,"
आणि गेल्या.
पलीकडून कडी लागल्याचा आवाज आला,
सहा वर्षांत पहिल्यांदा.

ओट्याशी उभी राहून खाल्ली.
आणि रडले, चक्क, मलिनाथांसाठी,
ज्यांच्या उजव्या कानाशीही
मी कधी एक शब्द बोलले नव्हते.

सकाळी दार उघडलं. चार बोटं फट.
"डोळे का सुजलेत गं?
आणि ताटली? स्टीलची होती. नाव कोरलेली."