कार्ड घातलेलं नाही

साडेअकरा लाख शिलिंग सांगितले मी.
त्यातले दीड लाख पाडून मागण्यासाठीच चढवलेले.
चेलागात हसली नाही. टाचा उंचावून
छपरावरून बोट फिरवलं,
बोटावर आलेली नाकुरूची धूळ
मलाच दाखवली.

मोलोच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे ती.
रात्रपाळी करून थेट आलेली, डोळे तांबारलेले,
तरी दाराच्या फटीतले रंगाचे दोन थर
तिला दिसले, मला चार वर्षांत दिसले नव्हते.
“ठोकलेली आहे.”
“माझ्या हातून नाही. आधीच्या मालकाकडून असेल.
जपानात.”
“जपानात,” ती म्हणाली,
‘बाहेरचं काही खाल्लं नाही हो’ म्हणणाऱ्या
नातेवाइकांपुढे म्हणत असेल तशी.

मग तिचा मिस्त्री, मुचेमी, गाडीखाली गेला
आणि बराच वेळ आमच्याशी
त्याचे बूटच बोलत राहिले.
मागचा शॉकअप गळतोय, अठरा हजार.
दोन टायर गुळगुळीत, बावीस.
सायलेन्सरला ठिगळ आहे. त्याचे किती ते
बुटांनी सांगितलं नाही, नुसतेच च्च च्च केले.

एकतीस वर्षं भूगोल शिकवला मी.
पोरांना सांगायचो, नकाशात रेषा
दाटीवाटीनं जवळ आल्या
की समजायचं, पुढे कडा आहे.
दहा ऐंशी.
दहा पन्नास.
दहा तीस.
दहा पंचवीस.
दहा वीस.

तिथे ती थांबली, आत बसली, किल्ली फिरवली.
आणि रोजच्यासारखी ती दुसरी बाई बोलली,
डॅशबोर्डच्या आतली,
जपानीत, एकच वाक्य, मऊसूत.
आमच्या घरी तिला आत्या म्हणतात.
अवुओर लहान होती, तिला वाटायचं प्रार्थना आहे,
ती मागच्या सीटवरून आमेन म्हणायची.
बायकोचं मत, पट्टा लावा म्हणते.
पट्टा लावला तरी म्हणायचीच.
मी आपला रामराम समजून
मान लववायचो आणि गिअर टाकायचो.

“काय म्हणते ही?” चेलागातनं विचारलं.
गाडीखालून उत्तर आलं:
“कार्ड घातलेलं नाही, म्हणते.
तिकडच्या टोलनाक्याचं. तिकडून आलेल्या
कितीतरी गाड्या हेच म्हणतात.”

चार वर्षं.
शाळेत जाताना, बाजारात जाताना,
वडिलांना माती द्यायला किसुमूला निघालो
त्या पहाटेसुद्धा
ती मला सांगत होती, काहीतरी राहिलंय,
आणि मी मान लववून निघत होतो.

चेलागातनं स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला.
“म्हणजे कार्ड नाहीच,” ती म्हणाली.
“पाच हजार कमी करा.”

मुचेमीचे बूट हलायला लागले. हसत असावेत.
मलाही हसू फुटलं,
आणि एकदा हसलेल्या माणसाला
नाही म्हणता येत नाही, हे तिला
दवाखान्यातच कळलं असणार.

दहा पंधरा.
बँकेचा मेसेज आला, लॉगबुक गेलं,
दुसरी किल्लीही दिली. मागचा वायपर
कुठल्या बटणानं चालतो ते दाखवायला
परत खिडकीत वाकलो, उगाचच दोनदा.

मातातूत मधल्या सीटवर, गुडघे हनुवटीला, घरी आलो.
फाटकाशीच शेजाऱ्यानं गाठलं: कितीला?
पावणेअकरा, म्हणालो.
धाकट्या भावाचा फोन: कितीला?
नऊ रे, तेही जेमतेम.
(त्याला दर महिन्याला काहीतरी उसनं लागतं.)
अवुओरनं आकडा विचारलाच नाही.
“आत्या काय म्हणाली जाताना?”
तेच गं. नेहमीचंच.

बायकोला खरा सांगितला, शेवटच्या शून्यापर्यंत.
तिनं बिलाच्या पाठीवर मांडला,
शॉकअप, टायर, एकेक वजा करत आली,
आणि पेन्सिल अडली.
“हे पाच हजार कसले?”
कार्डाचे.
“कुठलं कार्ड?”
जे आपण कधी घातलंच नाही.